मशीन एक, बॉक्स चार

रेडिओच्या काळात मशीन, म्हणजे अँप्लिफायर, आणि स्पीकर यांची जोडी लावायची वेळच कुणावर आली नाही. मर्फी, बुश, फिलिप्स, कुठलाही वॉल्व्हचा रेडिओ घ्या, दोघं कारखान्यातूनच एकमेकांच्या बेताने बसवून यायचे. ईएल ८४ सारखा एकटा वॉल्व्ह फार तर पाच-साडेपाच वॉट देणार, मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर, पुढे हलक्या कागदी कोनाचा स्पीकर. तेवढ्यावर माळवदाची ओसरी भरून आवाज अंगणात जायचा. आज पाच वॉट म्हटलं की पोरं हसतात.

हसण्याआधी एक हिशेब करावा. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल देतो, ही त्याची खरी कुवत. ९३ डेसिबलचा मोठा कागदी स्पीकर आणि ८७ डेसिबलचा आजचा छोटा, जड कोनाचा बॉक्स यांत फरक दिसायला सहाचाच. पण दर तीन डेसिबलला ताकद दुप्पट लागते. म्हणजे जुन्याला जिथे पाच वॉट पुरले, तिथे नव्याला वीस हवेत.

कॅसेट आली आणि ही जोडी पहिल्यांदा सुटी झाली. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला, साधारण त्याच सुमारास आमच्याकडे घरोघर टेप शिरला, आणि टेपचा आवाज कमी वाटू लागला की लोक रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे वळले. देवणी, वलांडी, उदगीर या पट्ट्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. बिदरवरून जाणारी रेल्वे धरायची, तिथल्या कोटी भागातल्या गुजराती गल्लीतून आयसी, ट्रान्सफॉर्मर, सुटे स्पीकर आणायचे आणि सुताराकडून प्लायवूडचा खोका करून घ्यायचा. सगळ्यांची लाडकी आयसी ४४४०. सान्योची ही चिप मुळात गाडीच्या टेपसाठी. दोन बाजूंना सहा-सहा वॉट, नाहीतर दोन्ही बाजू एकत्र जोडून, म्हणजे ब्रिज करून, एकोणीस.

ज्याला खोका परवडत नसे, तो स्पीकर मडक्याच्या तोंडावर पालथा ठेवायचा. लोक त्याला देशी जुगाड म्हणून सोडून देतात, पण त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. कोन पुढे जातो तेव्हा मागची हवा उलटी ओढली जाते. उघड्या स्पीकरचा ढोल-तबला पुढच्या-मागच्या लाटांत एकमेकाला खाऊन टाकतो. एका बाजूची लाट मडक्यात कोंडली की तो टिकतो. कोंडलेली हवा एका ठरावीक सुरावर जास्त घुमते, हा त्यातला दोष. महागड्या बॉक्सची निम्मी अक्कल तो सूर आवरण्यातच खर्च होते.

या काळातले चांगले मिस्त्री हे खरे जोडी लावणारे. त्यांच्याजवळ मीटर आणि एक पेन्सिल सेल. आठ ओहमच्या स्पीकरला मीटर लावला तर सहा-साडेसहा दाखवतो, हे त्यांना पाठ. सेल क्षणभर तारांना टेकवायचा. कोन बाहेर उसळला तर सेलच्या प्लसकडची तार प्लस, आत गेला तर उलटी. दोन बॉक्सांत एकाची तार उलटी राहिली की मधे बसलेल्याला बास मिळतच नाही. घरात लग्न निघालं की गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, “मामा, अजून दोन बॉक्स जोडा की.” त्यावर उत्तर, “जोडतो, पर मशीन उडालं तर माझ्या नावानं बोंबलू नका.”

मामांचं खरं होतं. आठ ओहमचे दोन बॉक्स पॅरलल जोडले की चार ओहम, चार जोडले की दोन. ब्रिज केलेल्या ४४४० ला चारच्या खाली जाऊ द्यायचं नाही. करंट वाढतो, हीटसिंकवर हात ठेववत नाही आणि मग धूर. जाणता मिस्त्री दोन-दोन बॉक्स सिरीजमध्ये घ्यायचा, मग त्या दोन जोड्या पॅरलल. बॉक्स चार, पण मशीनला दिसणार आठच ओहम.

नुकसानीचं दुसरं कारण मात्र फार थोड्यांच्या ध्यानात आलं. संध्याकाळी गावात व्होल्टेज २३० वरून १७० वर उतरायचं. ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे मशीन जवळपास निम्मं. लोक आवाज वाढवत, लाटेचे शेंडे कापले जात, आवाज फाटे, आणि त्या फाटक्या आवाजात वरच्या पट्टीचा जो मारा असतो त्यात ट्वीटरची कॉइल जळे. ‘मशीन भारी झालं’ म्हणून दोष दिला जाई. मशीन कमी पडलं होतं.

१९९१ नंतर तयार म्युझिक सिस्टिमचे खोके आले आणि त्यांच्यावर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजारांतले वॉट. देवणीत बैल घेताना माणूस दात बघतो, खांदा बघतो. इथे मात्र डब्यावरचा आकडा बघून पैसे मोजले. मागच्या पत्र्यावर वीज किती खाते ते लिहिलेलं असायचं, साठ-सत्तर वॉट. साठ खाऊन हजार सलग कुठून देणार, हे दुकानात कुणी विचारलं नाही. मराठवाड्याने आवाजाबाबत केलेली सगळ्यात वाईट खरेदी या दहा-बारा वर्षांतली, असं माझं मत.

तोवर घरंही बदलली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगड-मातीच्या जाड भिंतींची धास्ती बसली आणि हाती पैसा आला तसा ज्याने-त्याने स्लॅब टाकला. मातीचा गिलावा आणि माळवदाचं लाकूड आवाज थोडा पिऊन घेत. सिमेंटची चौकोनी खोली तो परत फेकते. ओसरीत गोड वाटणारे तेच बॉक्स हॉलमध्ये कोपऱ्याला टेकवले की घुमायला लागले. लोकांनी मशीन बदललं. बॉक्स हातभर पुढे ओढून मागे गोधडी टांगली असती तरी भागलं असतं.

आता साउंडबार आणि ब्लूटूथ बॉक्समध्ये मशीन आतच असतं. जोडी पुन्हा कारखान्यात लागते आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा बरी लागते. बिघडलं की उघडायचं कुणी, एवढाच प्रश्न. तरीही हौशी पोरं टीपीए ३११६ या अँप्लिफायर चिपचा बोर्ड मागवतात, माळ्यावरचे जुने बॉक्स उतरवतात. बोर्डाच्या जाहिरातीत पन्नास अधिक पन्नास वॉट. ते एकवीस व्होल्ट आणि चार ओहमचे. घरात सापडतो बारा व्होल्टचा अडॅप्टर, आणि बॉक्स आठ ओहमचे. बाराचा वर्ग १४४, भागिले सोळा (दोन गुणिले आठ). स्वच्छ आवाजाचे बाजूला जेमतेम नऊ वॉट. बॉक्स जुने कागदी कोनाचे असतील तर खोलीला तेवढे पुष्कळ होतात.