साक्षीदाराचा ‘मी’ : तालुक्याच्या वकिली कचेरीतील एक भाषांतर

साहित्याच्या अभ्यासकाला वकिली आठवते ती बहुधा चरित्रांच्या निमित्ताने. अमुक लेखकाने सनद घेतली होती, अमुक संपादकाने वकिली सोडून वृत्तपत्र काढले, एवढ्यावर ती आठवण संपते. वस्तुतः खटला चालविणारा वकील दिवसभर जे करतो ते तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्याला चांगलेच ओळखीचे वाटावे. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या भाषेत आणि तिसऱ्याला मान्य होईल अशा घाटात बसविणे, हे ते काम. प्रस्तुत लेखात या कामाचा विचार एका लहानशा कचेरीच्या आधाराने करावयाचा आहे.

ही कचेरी आनेकलची. आनेकल हे बंगळूरच्या दक्षिणेस सुमारे 35 किलोमीटरवरचे तालुक्याचे गाव. याच तालुक्यातले अत्तिबेले ओलांडले की तमिळनाडूतील होसूरकडे वाट जाते. त्यामुळे न्यायालयाच्या आवारात कन्नडबरोबर तेलुगू, तमिळ आणि उर्दूही सहज कानी पडतात. ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड. परंतु ‘आनेकल्लु’ हा जोडशब्द गारेलाही लावतात. गावाच्या नावाचा अर्थ सांगतानाच असा विकल्प निघावा, हे वकिलांच्या गावाला शोभते. जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले येथे कारखाने उभे राहिले, बंगळूर पसरत आले, आणि कोरडवाहू जमिनीचे मोल कल्पनेबाहेर वाढले. वाटणीचे दावे हा येथील वकिलांच्या पोटापाण्याचा मोठा आधार झाला तो यामुळे.

मी ज्या कचेरीत काही दिवस बसलो तेथे तीन वकील आणि एक गुमास्ता एवढाच परिवार. ज्येष्ठ वकिलांच्या घराण्यात पूर्वी शानुभोगी, म्हणजे आपल्याकडील कुळकर्ण, होते. म्हैसूर राज्यात वंशपरंपरेची ग्रामपदे 1961 च्या कायद्याने रद्द झाली. मुंबई राज्यातील कुळकर्णी वतने त्याआधी, 1950 च्या कायद्याने, गेली होती. वतन गेले तरी दप्तर वाचण्याचे कसब एकदम जात नाही. दुसरे वकील शेतकरी कुटुंबातले, घरी तेलुगू बोलणारे. तिसऱ्या एक तरुण बाई, त्यांच्या घरातल्या पहिल्याच पदवीधर. या तिघांना आज कायद्याच्या लेखी एकच नाव आहे, ‘अधिवक्ता’, आणि ही समता फार जुनी नाही. 1879 च्या विधिव्यवसायी अधिनियमात अॅडव्होकेट, अॅटर्नी, हायकोर्टाचा वकील, प्लीडर, मुखत्यार आणि महसुली एजंट अशी उतरंड होती. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाने अधिवक्त्यांचा एकच वर्ग धरला. आवारात मात्र उतरंड अद्याप दिसते. ती भाषेची आहे. ज्याचे इंग्रजी सफाईचे तो वरिष्ठ न्यायालयाकडे पाहतो, ज्याला साक्षीदाराची बोली कळते तो तालुक्यात राहतो. माझ्या मते खटला उभा राहतो तो या दुसऱ्याच्या बळावर.

मराठी माणसाला या कचेरीत फारसे परके वाटत नाही. वकील, फिर्यादि, तकरारु, दस्तावेजु, वकालत्तु, मुच्चळिके हे कन्नड शब्द आपल्या वकील, फिर्यादी, तक्रार, दस्तऐवज, वकालतनामा, मुचलका यांची भावंडेच होत. दख्खनेतील मुसलमानी राजवटींच्या दप्तरांतून फारसी परिभाषा दोन्हीकडे आली. आदिलशाहीने 1638 मध्ये बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले, तेव्हापासून या मुलखात मराठी लेखणीही चालली. कचेरीची भाषा अशी सामाईक, पण घरातली भाषा सामाईक नाही. खरी अडचण येथे सुरू होते.

नात्याचेच शब्द घ्या. कन्नडमध्ये बापाचा थोरला भाऊ ‘दोड्डप्प’, धाकटा ‘चिक्कप्प’, आणि आईचा भाऊ ‘माव’; सासऱ्यालाही ‘माव’च म्हणतात. इंग्रजीत दोड्डप्प, चिक्कप्प आणि मामा या तिघांची बोळवण ‘अंकल’ या एका शब्दात होते. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत दोड्डप्प सहदायाद असू शकतो. आईचा भाऊ त्या नात्याने कधीच नसतो. म्हणजे ज्या भेदावर दावा उभा आहे तोच भाषांतरात पुसला जातो. मुलींना सहदायादाचा हक्क कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने 1994 मध्ये, व केंद्राने 2005 च्या दुरुस्तीने सर्व देशाला लागू केला. आजोबा, काका, चुलतभाऊ यांची नाती साक्षीत उलगडून सांगण्याचा प्रसंग त्यामुळे आता लेकीबाळींवरही येतो.

कायद्याने भाषेचा विचार केलेला नाही असे नाही. दुय्यम न्यायालयाची भाषा कोणती हे राज्य सरकार ठरविते. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होते, आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. साक्षीदार वेगळ्या भाषेत बोलला तर साक्ष शक्यतो त्याच भाषेत टिपावी, अन्यथा तिचे खरे भाषांतर करून दप्तरात ठेवावे, असाही दंडक आहे. ‘खरे’ भाषांतर म्हणजे कोणते, हे मात्र कोणतीही संहिता सांगत नाही.

हा प्रश्न मराठीने फार मोठी किंमत देऊन अनुभवला आहे. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना दोषी ठरविणारे सहा ज्यूरर युरोपीय होते आणि निर्दोष म्हणणारे तिघे हिंदी. 1908 मध्ये ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून पुन्हा खटला झाला. या वेळी ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. लेख मराठी, निवाडा त्यांच्या इंग्रजी भाषांतरावर. टिळक स्वतः एल्‌एल्. बी., पुण्यात वकिलीच्या परीक्षेसाठी वर्ग चालविलेले. त्यांनी आपली बाजू आपणच मांडली. सरकारतर्फे भाषांतराविषयी साक्ष देणाऱ्याची त्यांनी शब्दाशब्दावर उलटतपासणी केली, आणि एकवीस तासांहून अधिक चाललेल्या भाषणात, मूळ भाषा न जाणणाऱ्यांनी लेखकाचा हेतू कसा ठरवावा, हा मुद्दा लावून धरला. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. 22 जुलै 1908 रोजी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या उलटतपासणीला मराठी भाषांतरमीमांसेच्या इतिहासात स्थान मिळावयास हवे होते. ते अद्याप मिळालेले नाही, याचे नवल वाटते.

आनेकलच्या दाव्यात काळे पाणी नसते. दीड एकर जमीन असते. आणि येथे भाषांतर बहुधा साक्षीच्या आधीच होऊन जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेतील दुरुस्त्या 1 जुलै 2002 पासून लागू झाल्या, तेव्हापासून दिवाणी दाव्यात साक्षीदाराची सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते. पूर्वी वकील विचारी आणि साक्षीदार आपल्या शब्दांत सांगे. सूचक प्रश्न सरतपासणीत सहसा चालत नसत. आता ‘मी’ने सुरू होणारे ते सारे निवेदन वकीलच लिहितो. प्रथमपुरुषी निवेदन, पण लेखक दुसरा. कथनमीमांसेच्या वर्गात या प्रकारावर तासन्‌तास बोलता येईल. न्यायालयात तो साक्षीदाराला नडतो, कारण उलटतपासणीत हमखास विचारतात: हे कोणी लिहिले? यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे काय?

त्या कचेरीतील तरुण वकीलबाईंनी यावर आपल्यापुरता उपाय काढला आहे. सहीपूर्वी संपूर्ण प्रतिज्ञापत्र त्या पक्षकाराच्या बोलीत तोंडी उलटवून वाचून दाखवितात. मी होतो त्या दिवशी समोर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. इंग्रजी मसुद्यात ‘अंकल’ होते. वाचताना ओघात त्याचे ‘माव’ झाले. बाईंनी हात वर करून थांबविले. “माव कुठला? दोड्डप्प. आमच्याच चुलीवर जेवायचा तो.” वकीलबाईंनी तेथे ‘वडिलांचे थोरले बंधू’ असे घातले आणि ‘त्याच चुलीवर’ हे शब्दही तसेच घेतले, कारण कुटुंब एकत्र होते याचा पुरावा त्यांत होता. चार पाने पुन्हा टंकित करावी लागली. गुमास्ता कुरकुरला, त्या दिवशीची मुद्दत दुपारी होती.