पोलादाच्या मळीचा रस्ता

भारतात एक टन पोलाद तयार करताना साधारण 200 किलो मळी, म्हणजेच स्टील स्लॅग, बाहेर पडते. वर्षानुवर्षे कारखान्यांच्या आवारात तिचे डोंगर साचत गेले. आता हीच मळी रस्ते बांधताना खडीच्या जागी वापरली जाते आहे.

प्रक्रिया : थंड झालेली मळी फोडतात. चुंबकाने तिच्यातले लोखंड काढून घेतात आणि चाळून वेगवेगळ्या मापाची खडी करतात. मळीत मोकळा चुना उरतो. पाणी लागले की तो फुगतो आणि वरचा थर तडकतो. म्हणून वापरण्यापूर्वी पाण्याने किंवा वाफेने तो चुना आधीच मुरवून घ्यावा लागतो. ही पायरी टाळून चालत नाही.

हजिरा, 2022 : केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली सुरतजवळ सहापदरी रस्ता झाला. सुमारे एक लाख टन मळी वापरली गेली. लांबी जेमतेम एक किलोमीटर, पण अवजड ट्रकांची वर्दळ सतत. नेहमीच्या रस्त्यापेक्षा जाडी सुमारे 30 टक्क्यांनी कमी ठेवता आली.

मुंबई-गोवा महामार्ग, 2024 : राष्ट्रीय महामार्ग 66 वर पनवेल-इंदापूर टप्प्यात एक किलोमीटरचा पट्टा असाच बांधला गेला. त्यासाठी सुमारे 80 हजार टन मळी रायगड जिल्ह्यातल्याच डोलवीच्या पोलाद कारखान्यातून आली.

जितकी मळी रस्त्यात जिरते, तितकी खडी डोंगर फोडून काढावी लागत नाही. मात्र कारखान्यापासून अंतर वाढले की वाहतूक महागते. त्यामुळे पोलाद कारखान्यांच्या आसपासच्या जिल्ह्यांनी हा पर्याय आधी स्वीकारायला हवा.