वेल्सचं शेवाळ आणि गरिबीचा शिक्का

वेल्सच्या किनाऱ्यावर खडकांना धरून वाढणारं लेव्हर नावाचं शेवाळ ओहोटीच्या वेळी हाताने वेचतात आणि शिजवून त्याचा लगदा करतात. हाच लेव्हरब्रेड. त्याच्यावर ‘खाणकामगारांचं, गरिबांचं अन्न’ असा शिक्का मारून मोकळं व्हायची पद्धत आहे. त्यात तथ्य आहेच. शेवाळ फुकट मिळे, आणि ओटचं पीठ मिसळून बेकनच्या चरबीत तळलेल्या त्याच्या वड्या, जोडीला कॉकल जातीच्या शिंपल्या, हा खाणीत राबणाऱ्यांचा भरपेट नाश्ता होता. पण लोकांनी शेवाळ का वेचलं, एवढंच गरिबीवरून कळतं. त्यावर इतकी मेहनत का घेतली, हे कळत नाही.

लेव्हरचं पान जेमतेम एका पेशीच्या जाडीचं, तरी रबरासारखं चिवट. त्याच्या घडीघडीत वाळू बसते. कितीतरी पाण्यांतून ते धुवावं लागतं, कारण एक कण राहिला तरी दाताखाली कचकचतो. मग मंद आचेवर तासन्‌तास रटरटवायचं, तेव्हा कुठे ते काळपट हिरवं, मऊ, बुळबुळीत होतं आणि त्याची खारट, समुद्राची चव उतरते. नुसतं पोट भरायचं असतं तर एवढा खटाटोप कोण करेल? शिवाय हा घरापुरता मामला नव्हता. पेम्ब्रोकशरमधल्या फ्रेशवॉटर वेस्टच्या किनाऱ्यावर बायका शेवाळ वेचून गवताने शाकारलेल्या झोपड्यांत वाळवत. तिथून ते आगगाडीने स्वान्झीकडे जाई. वेचणं, वाळवणं, शिजवणं, विकणं, प्रत्येक टप्प्याला जाणकार हात लागत. मला हे हुन्नराचं अन्न वाटतं. 2017 मध्ये युरोपीय संघाने वेल्श लेव्हरब्रेडला मूळस्थानाचं संरक्षण दिलं, ते मला म्हणूनच रास्त वाटतं.

यावर कुणी म्हणेल, याच जातकुळीच्या शेवाळाची जपानी नोरी सुशीबरोबर जगभर पोचली, वेल्सचा लगदा मागे राहिला. म्हणजे तो चवीलाच कमी असणार. पण नोरीचा प्रसार शेतीमुळे झाला. आणि गंमत म्हणजे त्या शेतीची किल्ली लेव्हरमध्येच सापडली. शिंपल्यांच्या कवचात वाढणारं एक सूक्ष्म शेवाळ ही लेव्हरचीच एक अवस्था आहे, हे 1949 मध्ये मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी दाखवून दिलं. त्याच्या आधारे जपानी संशोधकांनी नोरीचं बी हुकमी तयार करायचं तंत्र बसवलं. 1963 मध्ये जपानमधल्या उतो इथे कृतज्ञतेने ड्रू-बेकर यांचं स्मारकही उभारलं गेलं. वेल्समध्ये मात्र लेव्हर बव्हंशी खडकांवरूनच येतं, आणि समुद्र खवळला की खडकांवर उतरता येत नाही. तुलना शेतीची आणि वेचणीची करावी. चवीचा निकाल त्यातून लागत नाही.