रस्त्यांची जोडणी आणि वस्तीचा पसारा

वस्ती वाढू लागली की तिच्या रस्त्यांविषयी दोन प्रश्न उपस्थित होतात. ते एकमेकांना किती जोडलेले आहेत आणि किती दूरवर पसरले आहेत? हे दोन्ही प्रश्न पुष्कळदा एकच समजले जातात.

जोडणी मोजण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक चौक व रस्त्याचे प्रत्येक बंद टोक हा बिंदू आणि दोन बिंदूंमधील रस्ता ही रेषा मानावी. दहा बिंदू नऊच रेषांनी जोडले, तर कोणत्याही दोन बिंदूंदरम्यान एकच मार्ग उरतो. एक रेषा तुटली की जाळे दुभंगते. आणखी तीन-चार रेषा योग्य जागी आल्या की पर्यायी मार्ग निर्माण होतात. धाराशिवसारख्या शहराच्या कडेला शेताचा एकेक गट स्वतंत्रपणे बिगरशेती झाला, तर त्यातील रस्ता शेजारच्या बांधापाशी थांबतो आणि भिंतीपलीकडच्या घरी जाण्यासाठीही मुख्य रस्त्याने वळसा घ्यावा लागतो. शेती जाते, बांध मात्र नकाशात राहतो.

याउलट जोडणी उत्तम असूनही पसारा किती वाढू शकतो, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर वसवलेल्या गावांत दिसते. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी हलविण्यात आली. सास्तूर हे त्यांपैकी एक. जुन्या गावठाणात दगडमातीच्या जाड भिंतींचे वाडे अरुंद गल्ल्यांवर कोसळले होते. त्यामुळे रुंद, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची मागणी स्वाभाविकच होती. तशी आखणी झाली; प्रत्येक चौकातून चारही दिशा मोकळ्या झाल्या. पण गावाचे क्षेत्र कित्येक पटींनी वाढले, आणि शेजारघर, पाणी, देऊळ यांतील अंतरही. जमीनधारणेनुसार २५०, ४५० व ७५० चौरस फुटांची घरे ठरविल्याने अनेक ठिकाणी एका वाड्यातील भावकी वेगवेगळ्या ओळींत विखुरली. वृद्धांना हे अंतर विशेष जाणवते, आणि कोणत्याही निर्देशांकात ते सहजी उतरत नाही.

भाषेच्या अभ्यासकाने येथे एक शब्द तपासावा. ‘आमची गल्ली’ म्हणताना मराठी माणूस वाटेपेक्षा तिच्यावर राहणाऱ्या माणसांचा निर्देश करतो. ‘आमचा रस्ता’ म्हणताना तसे होत नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या गावठाणाचा व एका नव्या वसाहतीचा कच्चा नकाशा काढावा, बिंदू-रेषा मोजाव्यात आणि प्रत्येक वाटेला रहिवासी कोणत्या नावाने संबोधतात, तेही त्यावर लिहावे.