बाराशिंग्याच्या मागावरची पुस्तकं

जबलपूर म्हटलं की भेडाघाट आठवतो आणि आसपासचं जंगल म्हटलं की मोगली. रडयार्ड किपलिंगचं ‘द जंगल बुक’ 1894 साली आलं आणि सिवनीचं रान जगभर पोचलं. किपलिंग स्वतः मात्र सिवनीला कधी गेला नव्हता. जबलपुरात अधिकारी म्हणून राहिलेल्या विल्यम स्लीमनची लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांवरची 1852ची पुस्तिका आणि रॉबर्ट स्टर्नडेलचं 1877चं ‘सिओनी’ यांचा त्याला आधार मिळाला, असं मानलं जातं.

याच मुलखावरच्या दुसऱ्या पुस्तकांकडे वाचक फारसे वळले नाहीत. ती ओळीनं वाचली, तर शंभरेक वर्षांत एका हरणाचं काय झालं ते समजतं.

जेम्स फोर्सिथचं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ 1871 साली, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी निघालं. फोर्सिथ शिकारी होता. पुस्तकात बंदूक सारखी कडाडते. पण त्याची नजर पक्की होती. पूर्वेला सालाचं रान, पश्चिमेला सागाचं, हे त्यानं पाहिलं. सालाबरोबर बाराशिंगा आणि लाल रानकोंबडा येतो, सागाच्या रानात राखी रानकोंबडा, हेही त्याच्या ध्यानात आलं. मग पचमढीच्या पायथ्याशी देनवा नदीच्या खोऱ्यात, मुख्य सालवनापासून कितीतरी दूर, त्याला सालाचा एक सुटा तुकडा सापडला. तिथेही बाराशिंगा होता आणि लाल रानकोंबडाही! झाड आणि जनावर यांचं नातं इतक्या नेमकेपणानं टिपणं त्या काळी दुर्मीळच.

1923 साली वनाधिकारी डनबार ब्रँडरचं ‘वाइल्ड ॲनिमल्स इन सेंट्रल इंडिया’ आलं. इकडचा बाराशिंगा तराईतल्यापेक्षा वेगळा: तिकडच्याचे खूर दलदलीसाठी फाकलेले, इकडच्याचे कठीण जमिनीवर चालायला घट्ट. या मध्य भारतीय उपजातीला पुढे ‘ब्रँडेरी’ हे नाव मिळालं.

खरा पालट प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलरनं घडवला. 1963 ते 1965 या काळात तो कान्ह्याच्या जंगलात राहिला, तोही बंदुकीशिवाय. वाघाच्या विष्ठेतले केस तपासून त्यानं भक्ष्य ओळखलं, चेहऱ्यावरच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा केला, हरणांचे कळप मोजले. ‘द डिअर अँड द टायगर’ 1967 साली प्रसिद्ध झालं. भारतातल्या वन्यप्राण्यांवरचं इतकं कसदार पुस्तक त्याआधी झालं नव्हतं.

कान्ह्यात 1938च्या सुमारास अंदाजे 3,000 बाराशिंगे होते. 1970 साली उरले 66. मग गावं हलवली, गवताळ मैदानं वाढू दिली, कुंपणाआड पाडसं जपली. आज ही संख्या हजाराच्या आसपास आहे. 2015 मध्ये त्यांतले काही सातपुडा व्याघ्र प्रकल्पातल्या बोरीत नेऊन सोडले. फोर्सिथचा देनवाकाठ याच परिसरातला.