टर्मिनलवरील पांढरी भुकटी

सकाळी पेढीवर निघताना किल्ली फिरवावी आणि गाडीतून केवळ ‘टक्’ असा आवाज यावा, की घरात एकच निदान होते : बॅटरी गेली. नवी बॅटरी बसते. जुने क्लॅम्प त्यानिमित्ताने हलल्यामुळे गाडी काही दिवस सुरळीत सुरू होते आणि निदान खरे वाटू लागते. पुन्हा तोच आवाज आला की स्टार्टर बदलला जातो, पुढे अल्टरनेटर. तिन्ही बिले ‘गाडीदुरुस्ती’ खाती पडतात. दोष मात्र टर्मिनलवरच राहतो.

तेथे साचलेली पांढरी-हिरवट भुकटी, अथवा सैल क्लॅम्प, विजेची वाट अडवतो. दिव्यांना थोडेच अँपिअर पुरतात, म्हणून ते उजळतात. स्टार्टरला शंभराहून अधिक लागतात आणि तो अडतो. ही विसंगतीच खरी खूण. तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

मल्टिमीटरने तपास मिनिटाचा आहे. उभ्या गाडीत पूर्ण भारित बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असता साधारण 13.5 ते 14.5. किल्ली फिरवताना बॅटरीचा खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक आला, तर सांधा दोषी.

इंजिन बंद करून, हातमोजे व चष्मा घालून, आधी ऋण क्लॅम्प काढावा, मग धन. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून तारेच्या ब्रशने दोन्ही घासावेत, पुसून कोरडे करावेत. जोडताना ऋण शेवटी. नंतरही ‘टक्’ आवाज आलाच, तर स्टार्टर उघडण्यास हरकत नाही.