कड्यावरचे फूल आणि लाटसाहेबाचे नाव

शिवनेरीला लोक जातात ते शिवरायांचे जन्मस्थान म्हणून. आमचे पुष्कळ वाचक त्याच डोंगरातली सातवाहनकालीन बौद्ध लेणी पाहायलाही जातात. परंतु या कड्यांवर, कपारीतल्या मूठभर मातीत, पावसाळा सरता सरता एक किरमिजी, पिवळ्या नक्षीचे, पाच पाकळ्यांचे फूल उमलते, याची दखल किती जण घेतात? त्याचे नाव शिंदळ माकुडी. बाईला हिणवायचा शब्द फुलाच्याही वाट्याला यावा, हे आपल्या समाजाला शोभणारेच!

शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. १८६५ साली डॅलझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते दिले, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या सन्मानार्थ. अलीकडे शास्त्रज्ञांनी तिला कंदीलपुष्पांच्या गोतात बसवले, तरी नव्या नावातही फ्रियरसाहेब आहेतच. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांचीही नावे दगडात कोरलेली आहेत. या डोंगरात पिढ्यान् पिढ्या शेरडे राखणाऱ्यांचे, रानभाजी खुडणाऱ्या बायांचे नाव मात्र ना दगडावर, ना ग्रंथात.

ही वनस्पती रुईच्या कुळातली. तिच्या जवळच्या भावकीला पाने जवळजवळ नसतातच. हिला पावसाळ्यात हिरवीगार पाने येतात, उन्हाळ्यात झडतात आणि मांसल खोडावर ती तग धरते. फुलांवर माश्या येतात, त्यांच्यामुळे बी धरते. जगात ती फक्त महाराष्ट्रात, शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या डोंगरांवर आहे. कडा गेला की ती गेली.

आणि कडे जात आहेत. दगडखाणी, रस्त्यांसाठी फोडलेले डोंगर, उतारावरचे बंगले, दरसालचे वणवे. शेळ्या पाने खातात हेही खरे; आम्ही ते नाकारत नाही. पण संरक्षणाची भाषा सुरू झाली की पहिला दंडुका शेळीवाल्याच्याच पाठीत बसतो, खाणवाल्याच्या नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती आणि लोकांची नोंदवही सांगितली. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा कागद भरण्याची एकच घाई उडाली. आमच्या वाचकांनी आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ती वही मागावी. तीत कोणत्या वस्तीवरच्या कोणत्या म्हातारीला विचारून काय लिहिले, ते पाहावे. वस्तीवर कोणी गेलेच नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत तोच पहिला प्रश्न घालावा.